मंद कोणास म्हणावे?

आमच्या घरी 'मंद' हा शब्द फार जपून वापरतात. त्याचे कारण मी आहे. चौथीत असताना फळ्यावरचे गणित वहीत उतरवून घ्यायला मला वर्गातल्या सर्व मुलांहून अधिक वेळ लागे, आणि आमच्या गुरुजींनी प्रगतिपुस्तकावर या एकाच शब्दात निकाल देऊन टाकला होता. पुढे शाळेत डोळे तपासणारे डॉक्टर आले, मला चष्मा लागला आणि माझा मंदपणा चार दिवसांत नाहीसा झाला. आई अजूनही सांगते, "पोर मंद नव्हती, फळा लांब होता."

इतका रोकडा अनुभव गाठीशी असूनही, मोठेपणी दुसऱ्या एका माणसावर तोच शिक्का मारायला मी हातभार लावला. त्याची ही हकीगत आहे. ती सांगताना मला थोडी लाज वाटते. पण न सांगितली तर अधिक वाटेल.

२०२४ च्या मे महिन्यात, परीक्षा आटोपल्यावर, रत्नागिरीतल्या एका कचेरीत मला दोन-अडीच महिन्यांचे काम मिळाले. कचेरीचे नाव सांगत नाही. सांगून काही साधायचेही नाही, कारण अशी कचेरी प्रत्येक गावात असते. जुनी कौलारू इमारत, भिंतीला लागून पोटे फुगलेली लोखंडी कपाटे, वर कण्हत फिरणारे पंखे आणि पश्चिमेच्या खिडक्यांतून दिवसभर आत येणारा समुद्राचा खारा वारा. सहा टेबले होती आणि प्रत्येकावर एक संगणक. बाहेरच्या बाकावर लांजा, राजापूर, संगमेश्वर अशा ठिकाणांहून पहाटेच्या एस. टी. ने आलेली माणसे, मांडीवर पिशवी आणि पिशवीत कागद घेऊन बसलेली असत.

वाट पाहणे हे आमच्या गावाला नवे नाही म्हणा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवले. त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये; आणि १९१६ साली, परत जाण्याची वाट पाहता पाहताच, तो इथे वारला. परंतु राजाची गोष्ट वेगळी. बाकावरच्या माणसाला दुपारची गाडी गाठायची असते. ती चुकली की एक दिवसाची मजुरी बुडते, आणि बागेत आंबा उतरायचा असला तर त्याहून अधिक बुडते.

म्हणून कचेरीतल्या साहेबांनी एक दिवस मला बोलावले. ते तसे सज्जन गृहस्थ. म्हणाले, "कामे तुंबतायत. कोणाच्या टेबलावर दिवसाला किती नोंदी होतात, त्याचा पंधरा दिवसांचा तक्ता करून द्या." मी केला. अक्षर चांगले असल्याने मोठ्या हौसेने, तांबड्या शाईने रेघा मारून केला. पाच टेबलांवर रोज साठाच्या आसपास नोंदी होत होत्या. तिसऱ्या क्रमांकाच्या टेबलावर बावीस.

तिसऱ्या टेबलावर काका बसत. सगळी कचेरी त्यांना काकाच म्हणे. निवृत्तीला अवघे दोन-अडीच महिने उरलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खिशाला दोन पेनं. त्यांच्याविषयी आधीपासूनच कुजबुज होती, की त्यांना संगणक जमत नाही, त्यांचा जमाना टाइपरायटरचा. माझ्या तक्त्याने त्या कुजबुजीला आकडा मिळाला. आठवड्याभरात असे कानावर आले की काकांना तिथून उठवून आवक-जावकच्या टेबलावर बसवणार, आणि त्यांच्या वार्षिक अहवालात 'कामाचा वेग असमाधानकारक' असा शेरा जाणार. पस्तीस वर्षांच्या नोकरीचा शेवट त्या शेऱ्याने व्हायचा होता. मला वाईट वाटले, नाही असे नाही. पण आकडा खोटा नव्हता, आणि आकड्याला आपण काय करणार, अशी मी मनाची समजूत घातली.

त्यानंतरच्या सोमवारी काका रजेवर होते. माझ्या टेबलाचा पंखा बंद पडला म्हणून मी त्यांच्या जागेवर जाऊन बसले आणि त्यांचा संगणक सुरू केला. पडद्यावर ते गोल गोल फिरणारे ठिपके आले. मी वाट पाहिली. पाण्याचा तांब्या भरून आणला. तरी ठिपके फिरतच होते. अखेर हातातल्या घड्याळाकडे लक्ष गेले. संगणक कामाला लागेपर्यंत अकरा मिनिटे चाळीस सेकंद गेली होती. शेजारचा, तेवढ्याच वेळी सुरू केलेला संगणक दोन मिनिटांत तयार झालेला होता.

काका रोज साडेनवाच्या ठोक्याला, सगळ्यांच्या आधी, येऊन का बसतात ते मला त्या दिवशी कळले. आम्ही त्याला म्हातारपणाची सवय म्हणत होतो.

त्या दिवशी मी साठ नोंदींची जिद्द धरली आणि चोवीसवर थांबले. माझे वय वीस. मला टंकलेखन येते, एम. एस. सी. आय. टी. चे प्रमाणपत्र आहे, आणि तरीही मी काकांपेक्षा अवघ्या दोनच नोंदी अधिक करू शकले. घरी जाताना मांडवीच्या बंधाऱ्यावर बराच वेळ बसले. फळा लांब होता, हे माझ्याच आईचे वाक्य मला समुद्राकडून ऐकू येत होते.

आमच्या कचेरीत संगणकाच्या दुरुस्तीसाठी तंत्रनिकेतनातून शिकलेला एक तरुण अधूनमधून येई. त्याला आम्ही दादा म्हणत असू. तो आल्यावर मी त्याला म्हटले, "दादा, तीन नंबरचा संगणक फार स्लो आहे." तो हसला आणि म्हणाला, "स्लो म्हणजे काय? पोट दुखतंय म्हणून पेशंट आला तर वैद्य लगेच पुडी देतो काय? कधी दुखतं, कुठे दुखतं, जेवल्यावर की उपाशीपोटी, ते आधी विचारतो." मग त्याने मला विचारायचे प्रश्न सांगितले, आणि त्यापुढच्या चार दिवसांत मी जे शिकले ते कुठल्याही पुस्तकात मला इतके रसाळ वाटले नसते.

पहिला प्रश्न हा, की एकटाच मंद आहे की सगळे? आमच्याकडे कशालाही एकच उत्तर असे: 'सर्व्हर डाऊन.' हे उत्तर सोयीचे, कारण सर्व्हर दूर कुठेतरी असतो आणि त्याला जाब विचारता येत नाही. दादाची परीक्षा अगदी साधी होती. शेजारच्या दोन संगणकांवर एकाच क्षणी एकच काम करायचे. दोन्ही अडले तर दोष बाहेरचा, म्हणजे तारेचा, लाइनचा किंवा सर्व्हरचा. एकच अडला तर दोष घरचा. भर दुपारी सगळेच रखडत, तो दोष बाहेरचा होता. पण तीन नंबर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळीही रखडत होता.

दुसरा प्रश्न, आतला नेमका कोणता अवयव दमला आहे? संगणकातच एक तक्ता असतो, त्याला टास्क मॅनेजर म्हणतात. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवर किती भार आहे ते तो शेकड्यात दाखवतो. तीन नंबरचा प्रोसेसर शंभरात वीसवर आरामात होता आणि डिस्क मात्र सतत शंभरावर. म्हणजे डोके रिकामे आणि पाय धावून धावून थकलेले.

ते का, हे दादाने कचेरीच्याच भाषेत समजावले. मेमरी म्हणजे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे मागच्या खोलीतले कपाट. टेबल ऐसपैस असले तर दहा रजिस्टरे उघडी ठेवून काम करता येते. टेबल वीतभर असले तर एक रजिस्टर उघडायला दुसरे कपाटात ठेवून यावे लागते, आणि सगळा दिवस ये-जा करण्यात जातो. त्यात हे कपाटही फिरते! जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. ऐकायला वेग मोठा वाटतो. पण हवी ती जागा काट्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद थांबावे लागते, आणि काटा त्या जागी सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. विखुरलेल्या जागांवरचे तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास वाचून होतात. संगणक सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. गणित मांडल्यावर मला त्या ठिपक्यांची दयाच आली.

मग एकेक रोग बाहेर आला. हा संगणक २०११ साली घेतलेला. मुळात त्यावर विंडोज सात होती. तिचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी कंपनीने काढून घेतला, तेव्हा त्याच देहावर विंडोज दहाचे ओझे चढवले गेले. त्यात व्हायरसपासून रक्षण करणारे एक नव्हे तर दोन कार्यक्रम होते. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी घातलेले. फाटकावर दोन पहारेकरी नेमावेत आणि दोघांनी येणाऱ्याची तर झडती घ्यावीच, पण एकमेकांचीही घ्यावी, तसा तो प्रकार चालला होता. एकाला रजा दिल्यावर अकरा मिनिटे चाळीस सेकंदांची नऊ मिनिटे झाली.

दादाने प्रत्येक उपायानंतर पुन्हा घड्याळ लावायला सांगितले, आणि एका वेळी एकच उपाय. दोन औषधे एकदम दिली तर गुण कशाचा आला ते कळत नाही, असे त्याचे म्हणणे.

पेटी उघडली तेव्हा आत आमचे कोकणच होते. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि उरलेले महिने खारा वारा. ते मीठ धुळीबरोबर आत बसते, हवेतली ओल धरून ठेवते, आणि धातूच्या जोडांवर गंज चढू लागतो. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, त्यांतली एक गंजामुळे संगणकाला दिसतच नव्हती. टेबल आधीच लहान, त्यातही अर्धे गहाळ! दादाने माझ्या पेटीतले खोडरबर मागून घेतले, पट्टीच्या सोनेरी दातांवरून हलक्या हाताने फिरवले आणि ती परत बसवली. नऊ मिनिटांची साडेपाच झाली. शाळेतली चूक पुसणारे रबर कचेरीतलीही पुसते, हे मी पहिल्यांदा पाहिले. पंखा धुळीने लपेटला होता. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. दुपारी तीननंतर जी आणखी मंदी येई ती याची, आणि आम्ही ती काकांच्या जेवणावर ढकलत होतो. उरला मुख्य आजार, ती डिस्कच. तिच्यातले काही भाग खराब झाले होते आणि तेच ते पुन्हा पुन्हा वाचायचा ती प्रयत्न करत होती. तिच्या जागी फिरता भाग नसलेली नवी एस. एस. डी. बसवावी, असे दादाने लिहून दिले. किंमत कचेरीतल्या एका बऱ्या खुर्चीइतकी.

आता मी दुसरा तक्ता केला. या वेळी रेघांना तांबडी शाई नव्हती. कचेरीचे कामाचे तास सहा, म्हणजे ३६० मिनिटे. साठ नोंदी म्हणजे नोंदीमागे सहा मिनिटे. बावीस नोंदी म्हणजे सोळा. एका नोंदीत सहा पडदे बदलावे लागतात. इतर संगणकांवर या बदलण्यात सगळे मिळून एक मिनिट जाते. तीन नंबरवर आठ मिनिटे जात होती. म्हणजे काकांची सोळातली अर्धी मिनिटे काकांची नव्हतीच.

याबाबत जगात फार पूर्वी विचार झालेला आहे, हे मला नंतर वाचनात आले. १९६८ साली रॉबर्ट मिलर या संशोधकाने लिहून ठेवले होते की संगणकाच्या उत्तराला फार वेळ लागला तर माणसाच्या मनातील कामाचा धागा तुटतो. पुढे १९८२ मध्ये आय. बी. एम. मधल्या डोहर्टी आणि थडानी या दोघांनी दाखवून दिले की उत्तर सेकंदाच्या आत येऊ लागले की माणसाचे काम वाचलेल्या वेळाच्या मानाने कितीतरी अधिक वाढते. म्हणजे मंद यंत्र नुसता वेळ खात नाही, ते माणसालाही मंद करते. आणि मग माणसाकडे बोट दाखवणे सोपे जाते. टाइपरायटर अडला तर अडलेली कळ सर्वांना दिसे. संगणकाचे अडणे दिसत नाही, त्याच्यासमोर हातावर हात ठेवून बसलेला माणूस तेवढा दिसतो.

तक्ता घेऊन मी साहेबांकडे गेले. पाय कापत होते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हा जुना संगणक काकांकडेच का राहिला?" मी काही बोलले नाही; उत्तर बाहेर शिपाईमामांनी दिले. २०११ साली कचेरीत पहिला संगणक आला तेव्हा त्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. काकांनी लावला. इतरांना शिकवले. पुढे नवे संगणक आले ते नव्या टेबलांवर गेले आणि 'तुम्हाला काय, येतंय' असे म्हणून पहिला संगणक पहिल्या माणसाकडे तसाच राहिला.

जूनच्या अखेरीस नवी डिस्क बसली. काकांनी कळ दाबली आणि सवयीने खिशातले पेन काढून कागद पुढे ओढला. पंचेचाळीस सेकंदांत पडदा तयार! ते काही वेळ पडद्याकडे आणि काही वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अगो बाय, आता या वेळात मी करू काय?"

मी विचारले, "काका, इतके दिवस काय करत होतात?"

"अर्ज लिहायचो लोकांचे. कोणता कागद कमी आहे ते बघून सांगायचो. ठिपके फिरतायत तोवर तेवढं होऊन जायचं."

त्यानंतर मी त्यांच्या नोंदी मोजल्या. चाळीस! बावीसच्या मानाने किती अधिक. पण साठ नव्हेत. हिशेबाने यंत्राची सात मिनिटे गेली तरी काकांना नोंदीमागे नऊ लागत होती, इतरांना सहा. ही वरची तीन मिनिटे कशाची? आधी मला वाटले, ही खरी वयाची. मग मी आणखी एक गोष्ट मोजली, जी आजवर कोणी मोजली नव्हती: अपुऱ्या कागदांमुळे किती माणसांना पुन्हा फेरी घालावी लागते. इतर प्रत्येक टेबलावरून आठवड्याला पंधरा-वीस माणसे परत जात. काकांच्या टेबलावरून त्या आठवड्यात दोन गेली. बाकावरची म्हातारी माणसे 'आम्ही तीन नंबरलाच थांबतो' असे का म्हणत, ते तेव्हा उमगले. ती तीन मिनिटे म्हणजे कोणाच्या तरी एस. टी. चे परतीचे भाडे होते, एक दिवसाची मजुरी होती.

काकांची बदली रद्द झाली. जुलैच्या अखेरीस ते त्याच टेबलावरून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी नारळ आणि शाल देताना साहेबांनी त्यांच्या कामाचे मनापासून कौतुक केले. माझ्या तक्त्याविषयी काकांना कळले होते की नाही, ते त्यांनी कधी दाखवले नाही. निघताना मी पाया पडले तेव्हा एवढेच म्हणाले, "मोजतेस छान. मोजत राहा, पण जरा लांबपर्यंत मोज."

अहवालातला तो शेरा मात्र काढला गेला की तसाच राहिला, ते मला कळू शकले नाही. विचारायचा धीर झाला नाही. माझा पहिला तक्ता त्या कचेरीतल्या कुठल्यातरी फायलीत अजून असेल. त्याचे आकडे बरोबर आहेत. तांबड्या रेघा सरळ आहेत. अक्षरही सुंदर आहे.